जॉर्जियातली माणसं रुक्ष?

जॉर्जियातली माणसं रुक्ष असतात, दुकानात साधं हसूनही बघत नाहीत, असं वर दोघांनी म्हटलंय. परवा या देशाच्या राजधानीतून, तिबिलिसीहून, आमचं परतीचं विमान आहे, म्हणून निघण्याआधी थोडी भर घालतो. अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसायची इथे पद्धत नाही, एवढंच. त्यावरून स्वभाव ठरवू नका.

काखेती या वाइनसाठी प्रसिद्ध पूर्वेकडच्या प्रांतात, सिघनाघी गावाजवळ ज्या घरी उतरलो, तिथे त्यांनी पंगतीलाच बसवलं. या मेजवानीला सुप्रा म्हणतात. तमादा म्हणजे पंगतीचा म्होरक्या; तो कोणाच्या तरी नावाने चार शब्द बोलल्याशिवाय वाइनच्या पेल्याला कोणी तोंड लावत नाही. गेलेल्या माणसांची आठवण काढायची वेळ आली तेव्हा सगळे पुरुष उठून उभे राहिले. यजमान आपल्या भावाबद्दल बोलले, डोळे पुसले, आणि लगेच पुढचा पेला लेकरांच्या नावाने! इतक्या मोकळेपणाने रडणारी माणसं रुक्ष कशी?

वाइन घरचीच. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणात, क्वेवरीत, रस सालीबियांसकट आंबवतात. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

एक मात्र खटकलं. गरम खाचापुरी (चीज भरलेली रोटी) आणून वाढणाऱ्या काकू शेवटपर्यंत बसल्याच नाहीत. या पाहुणचाराचं कौतुक करताना तो कोणाच्या कष्टांवर उभा आहे हेही बोललं पाहिजे.

जाणार असाल तर हॉटेलऐवजी एखाद्या घरगुती गेस्टहाउसमध्ये राहा. पीत नसाल तर बसतानाच सांगा, आग्रह फार होतो.