मदत हवी: काळ्या मातीत रेससाठी चिखलाचा चर कसा करावा?

राजेहो, आमच्या गावचे पोट्टे अग्निवीर भरतीसाठी 1600 मीटर अन् 9 फुटी खड्ड्याची प्रॅक्टिस करतात, त्यात मोबाईलवर टफ मडर, स्पार्टन या चिखल-अडथळ्यांच्या रेसचे व्हिडिओ पाहून आता आपल्याइकडं बी तशी रेस घ्याचीच म्हणतात. तूर निघालेल्या वावरात 20 फूट चर खंदून पाणी सोडलं, पण काळी माती ते, दोघं सरपटले की नुसता लगदा, जोडे आतच राहतात, एकाचा तं पाय मुरगळला. कुटार (भुसा) टाकून पाह्यलं, फायदा नाही. मुरूम मिळते पण कोपरं सोलते. मोटरीची लाईन (वीज) रात्रीचीच, म्हणून पाणी मोजकंच. खालून सरपटाले चरावर काटेरी तार नाही, सुतळी बांधतो. तर तळाला मुरूम अन् वर रेती टाकू का, अन् चिखल किती इंच ठेवू?