एमआरआयच्या चित्राला तपासणीची जोड हवीच

पायात कळ येणाऱ्या रुग्णाच्या एमआरआयमध्ये पाठीच्या मणक्यांमधली चकती (डिस्क) सरकलेली दिसली की निदान पक्के, मग पाय उचलून पाहण्याच्या जुन्या तपासणीची गरज काय, असे काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. नसेवरचा दाब एमआरआयइतका स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही, हे खरे. परंतु १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. तेव्हा दिसलेली चकतीच दुखण्याचे कारण आहे, हे चित्र एकटे सांगू शकत नाही.

दुखरा पाय सरळ उचलल्यावर कळ येणे ही चकतीने नस दाबल्याची खूण बहुतेक रुग्णांत सापडते, पण ती इतर कारणांनीही येते. उलट, चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली, तर ती खूण क्वचित आढळत असली तरी बरीच भरवशाची असते. माझ्या वडिलांच्या एमआरआयमध्ये दोन चकत्या बिघडलेल्या होत्या. पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी झाल्यामुळेच एल-५ नसेवर (कमरेच्या पाचव्या मणक्याजवळून पायात जाणाऱ्या नसेवर) दाब आणणारी चकती कोणती, हे ठरवता आले. मात्र लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर तातडीने रुग्णालय गाठून एमआरआय करून घ्यावा.