एम.डेस. की एमबीए : थोडी भर

भाऊ, मुलगी इंजिनिअरिंगनंतर एमबीए सोडून एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) म्हणतेय तर 'चित्रं काढून पोट भरणार का', असं तुम्ही विचारलंय. चित्रं हा त्यातला लहानसा भाग. आयआयटी मुंबईचं आयडीसी, म्हणजे तिथला डिझाइनचा विभाग, १९६९ पासून आहे. एम.डेस.च्या सीड या प्रवेशपरीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो.

खरं शिक्षण प्रोजेक्टमध्ये होतं. समजा विषय मिळाला, 'रावेरच्या केळीसाठी चांगलं खोकं'. पोरांनी आधी कटतीच्या (घड कापणीच्या) दिवशी बागेत जाऊन उभं राहायचं. मजूर घड खांद्यावरून गाडीपर्यंत नेतात, खाली केळीचीच पानं अंथरलेली, तरी साल घासतेच. काळा डाग दिसतो तो पिकल्यावर, पार दिल्लीत! म्हणजे डाग पडतो एकाकडे, भुर्दंड दुसऱ्याला. मग खोक्याचे पैसे घालणार कोण? प्रश्न असा उलटून मांडता येणं, स्ट्रॅटेजीच्या, म्हणजे कंपनीने पुढे काय करायचं ते ठरवण्याच्या नोकरीत पगार त्याचाच मिळतो.

हिशेबात मात्र ही डिझाइनवाली मंडळी बरेचदा कच्ची. ताळेबंद वाचता येत नसेल तर मीटिंगमध्ये कोण विचारतो? शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये एम.डेस.ला एमबीए जोडून करता येतं. तेवढा खर्च नको असेल तर तिला फायनान्सचा एखादा कोर्स आत्ताच करायला लावा.