सराउंडच्या पुढं बाय लावायचं की विथ?

मास्तरीण_सांगली
घरी दहावीच्या पोरींची इंग्रजीची शिकवणी घेते. महापुरावर निबंध दिला होता. एकीनं 'अवर हाऊस वॉज सराउंडेड विथ वॉटर' लिहिलंय, दुसरीनं 'वॉटर वॉज सराउंडिंग अवर हाऊस', आणि तिसरीनं थेट 'बिसीज्ड'. यातलं काय कापू? गाईडातली व्याख्या नको, ती माझ्याकडं आहे.

अजिंक्यताऱ्याखालचा
मॅडम, बाय डोळे झाकून चालतं. विथ शोभतं ते कुणी मुद्दाम भोवती काही आणून ठेवलं तर. आमच्या शेजाऱ्यानं बंगल्याभोवती नारळ लावलेत: 'ही सराउंडेड द हाऊस विथ कोकोनट ट्रीज'. स्वतःभोवती होयबा जमवणाऱ्या पुढाऱ्यालाही विथच. पुराचं पाणी कोण आणून ठेवतंय? (धरणाच्या विसर्गावर इथं भांडू नका.) विथ अगदीच चूक नाही, पण पेपरात बायच लिहू दे.

'हिल्स आर सराउंडिंग सातारा' असतं तर कापा म्हणालो असतो. डोंगर काय आत्ता चालत येतायत? 'हिल्स सराउंड सातारा' बास. पण पाणी चढतंय, चहूबाजूंनी येतंय, असं सांगायचं असेल तर आयएनजी बरोबर आहे.

बिसीजला मात्र शत्रू लागतो. औरंगजेबानं डिसेंबर १६९९ मध्ये आमच्या किल्ल्याला वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनी एप्रिल १७०० पर्यंत किल्ला झुंजवला. ते बिसीज. कृष्णामाईवर कशाला आळ?

विट्याचे_गुरुजी
गंमत सांगतो. सराउंड या शब्दाचा राऊंडशी जन्माचा संबंध नाही. लॅटिन 'सुपेरुंदारे', म्हणजे काठावरून वाहणं. 'उंदा' म्हणजे लाट. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थच पाण्याखाली घालणं असा होता. राऊंडसारखा ऐकू येतो म्हणून सतराव्या शतकात 'वेढणे' अर्थ चिकटला. म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून पेठांत शिरते, तेच मूळचं सराउंड. आज मात्र पाणी उंबऱ्याच्या आत आलं की 'फ्लडेड' लिहायचं.

मास्तरीण_सांगली
२०१९ ला या पोरींच्या गल्लीत माणसं गच्चीवर होती, मग 'फ्लडेड'च की! बिसीज कापते. विथवालीला नुसतं बाय करून देते. आयएनजीवालीला मात्र विचारते, पाणी चढत होतं का थांबलेलं.