मदत हवी आहे: सीजीनॅटमागून फाउंड्री कसं चालवायचं?

मंडळी, मी कोल्हापुरातून एका ऑनलाइन रोलप्लेइंग गटाचा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आहे. खेळाडू पुणे, बेंगळुरू आणि इचलकरंजीला.

आधी आउलबेअर रोडिओ हे ब्राउझरमधलं खेळाच्या नकाशाचं टूल वापरलं. नकाशा आणि टोकनपुरतं झकास आहे, पण आमची पुढची मोहीम पन्हाळ्यावर आहे. त्यातली अंधारबाव तीन मजली, तळाशी विहीर, मधूनच तटाबाहेर निघणारी वाट. तिथं मशालीच्या उजेडात दिसेल तेवढंच खेळाडूला दिसायला हवं, भिंतीपलीकडचं अजिबात नाही. म्हणून फाउंड्री हे ऑनलाइन खेळाच्या टेबलाचं सॉफ्टवेअर घेतलं; ते माझ्या संगणकावर चालतं आणि खेळाडू ब्राउझरमध्ये लिंक उघडून येतात. लायसन्स एकदाच, तेही फक्त गेम मास्टरला, ही मोठी सोय. भिंती, प्रकाश सगळं मनासारखं जमलंय.

अडलंय ते जोडणीपाशी. राउटरवर फाउंड्रीचा ३०००० पोर्ट फॉरवर्ड केला, विंडोज फायरवॉलमध्ये परवानगी दिली. घरच्या वायफायवर दुसऱ्या लॅपटॉपवरून चालतं, बाहेरून लिंक उघडतच नाही. राउटरमध्ये वॅन आयपी १००.७० ने सुरू होणारा दिसतो, म्हणजे सीजीनॅटच: इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे बाहेरून थेट माझ्यापर्यंत पोचता येत नाही. स्टॅटिक आयपीला (स्वतंत्र कायमचा पत्ता) दरमहा जादा पैसे पडतात, आणि महिन्याचा खर्च आम्हाला नकोच आहे. स्वतःचं डोमेन नाही. खेळाडूंना काही इन्स्टॉल करायला लावायचं नाही. त्यातल्या एकाकडे ऑफिसचा लॅपटॉप आहे. इचलकरंजीच्या मित्राकडे तर फक्त फोन, आणि फाउंड्री मोबाइलसाठी बनवलेलं नाही हे माहीत आहे.

तर दोनच गोष्टी सांगा: अशा स्थितीत क्लाउडफ्लेअर टनेल (माझ्या संगणकाला त्यांच्या सर्व्हरमार्फत बाहेरची लिंक देणारी सेवा) बरा की आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा आयपी पत्ता)? आणि फोनवाल्याला निदान कॅरेक्टर शीट आणि फासे वापरता येतील असं फाउंड्रीचं कुठलं मॉड्यूल (जोड-प्रोग्राम) तुम्ही प्रत्यक्ष चालवलंय?