मदत हवी आहे: मुलाचं पालकत्व प्रमाणपत्र आणि सासूबाईंचा हयातीचा दाखला

माझा मुलगा नुकताच १८ वर्षांचा झाला. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसतो), सोबत बौद्धिक अपंगत्व. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आहे. आता बँक म्हणते, तो सज्ञान झाला, त्याचं खातं तुम्ही चालवू शकत नाही, कायदेशीर पालकत्वाचा कागद आणा. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. पण अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, हे कार्यालयात कुणी धड सांगत नाही. मुलाला समक्ष आणा म्हणतात, आणि व्हीलचेअर जिन्यावरून चढत नाही. मला याचा फार राग येतो.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा, पण बोटांचे ठसे उमटत नाहीत. चेहऱ्यावरून ओळख पटवूनही डिजिटल दाखला निघतो ना? ७० वर्षांवरच्यांना घरपोच बँक सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनेही सांगितलंय. तरी शाखेत 'इथेच घेऊन या' हेच उत्तर. दोघांना सोडून मी रांगेत उभी कशी राहू?

समितीकडून हे प्रमाणपत्र कुणी मिळवलंय का? कुठली कागदपत्रं जोडलीत? घरी येऊन पाहणी करा, असा लेखी अर्ज कुणी दिलाय का? त्याचा मसुदा असेल तर कृपया इथे टाका.