‘माजघरी’ हा शब्द भुजंगप्रयातात बसतो का?

पांथस्थ, फोंडा

सर्वांना नमस्कार. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी वृत्तबद्ध कविता लिहू लागलो. आजवर त्या तालुक्यातल्या काव्यमैफलींत म्हणून दाखवण्यापुरत्याच होत्या; छापायला पाठवण्याचे धाडस यंदा प्रथमच केले. पुढील कडवे एका दिवाळी अंकाकडून ‘दुसरी व तिसरी ओळ वृत्तात नाही’ एवढ्याच शेऱ्यानिशी परत आले आहे.

किती पावसाने भिजावे घराने
जुन्या माजघरी ओल यावी दिव्याला
तुळस अंगणी वाट पाहून थकली
कुणी येत नाही दुपारी चहाला

भुजंगप्रयात या वृत्तात लघु-गुरु-गुरु (लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन) असा ‘य’ गण चार वेळा येऊन ओळीत बारा अक्षरे भरावी लागतात, हे मी जाणतो. दुसऱ्या ओळीत तेरा आणि तिसऱ्या ओळीत चौदा अक्षरे होतात, हेही बोटांवर मोजूनच लिहिले आहे. परंतु बोलताना आपण ‘माज्घरी’ असेच म्हणतो, आणि तसे म्हटले की ओळ बिनचूक बसते. मैफलीत आजवर कुणाचाही कान अडखळलेला नाही. मराठी कवितेचे वृत्त कागदावरच्या अक्षरांनी मोजायचे की कानाने, याविषयी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

मास्तर, डिचोली

पांथस्थबाब, चौथी ओळ फार चांगली उतरली आहे, हे आधी सांगतो. शेरा लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात बांधल्या आहेत, म्हणून त्या सोडवून पाहू.

तिसऱ्या ओळीत आपण दोन ठिकाणी (‘तुळस’मधील ‘ळस’ आणि ‘थकली’मधील ‘थक’) एका गुरूच्या जागी दोन लघू वापरले आहेत. त्यामुळे अक्षरे चौदा झाली, तरी मात्रा पहिल्या ओळीइतक्याच, म्हणजे वीस, राहतात. मराठीतले अनेक गझलकार ही सवलत घेतात. प्रत्येक अक्षराची लघु-गुरु जागा ठरलेले शुद्ध अक्षरगणवृत्त मात्र ती देत नाही. दुसऱ्या ओळीचे दुखणे निराळे आहे, कारण तिथे लिहिल्याप्रमाणे मोजल्यास मात्राही एकवीस होतात. ती एक जास्तीची मात्रा जाण्यासाठी वाचकाने ‘ज’मधला अकार गिळायला हवा.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मराठी वृत्तात कानाला मुळीच स्थान नाही, असे कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. जोडाक्षरापूर्वीचे ह्रस्व अक्षर गुरू धरावे असा नियम असूनही ‘जुन्या’मधला ‘जु’ आणि ‘दिव्याला’मधला ‘दि’ आपण लघूच धरतो, कारण तिथे उच्चारात आघात पडत नाही. निव्वळ डोळ्यांनी मोजले असते तर आपली दुसरी ओळ याही कारणाने बाद झाली असती. परंतु अकार गिळण्याची मुभा एकदा घेतली की ती सर्वत्र लागू करावी लागेल. बोलताना आपण ‘पाव्साने’ म्हणतो, तरीही आपल्याच पहिल्या ओळीत ‘व’ पूर्ण उच्चारल्याखेरीज वृत्त भरत नाही. ‘ओल’मधला ‘ल’ आणि ‘येत’मधला ‘त’ यांचेही तसेच आहे. पहिल्या ओळीत ‘व’ पूर्ण म्हणायचा आणि दुसऱ्या ओळीत ‘ज’ गिळायचा, हे छापील ओळींवरून वाचकाला कसे कळावे? समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातातच आहेत. तिन्हीसांजेला मुले ज्या चालीत ते म्हणतात, त्या चालीत प्रत्येक अकार सुटा ऐकू येतो. त्याच चालीत आपली दुसरी ओळ म्हणून पाहावी.

‘जुन्या ओसरीशी जपावे दिव्याला’ असे केल्यास वृत्ताचा प्रश्न मिटेल.

सांजवात, मडगाव

मास्तरांचा ‘पावसाने’चा मुद्दा बिनतोड आहे, तरीही त्यांनी सुचवलेली ओळ मला मान्य नाही. ओसरीवर दिव्याला वारा लागतो, ओल लागत नाही. आषाढात आमच्याकडच्या जुन्या घरांत ओल धरते ती माजघरातच. काडेपेटीचे गूल काडीवरून निघून येते, तेलात बुडवलेली वातसुद्धा पेटण्याआधी तडतडते, आणि भिंतीला टेकवलेल्या पाटावर पांढरी बुरशी चढते. ज्याने हे पाहिले आहे त्याला ‘माजघरी’ हा शब्द सोडवणार नाही. वृत्तासाठी दिवा घरातल्या घरात हलवायचा असेल, तर कविता लिहिण्याऐवजी घराचा नकाशाच काढावा.

शिवाय अक्षरगणवृत्त ही मराठी कवितेची एकच वाट नव्हे. मोठ्या अभंगाचे माप सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, परंतु श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहात अखंड भजन चालते तेव्हा जास्तीचे अक्षर गाणारा लीलया गिळतो आणि कमी पडलेले ओढून घेतो. पांथस्थकाकांची कविता जर म्हणण्यासाठीच जन्मली असेल, तर तिला ही मोकळीक असावी.

काणकोणकर

गाणारा समोर असतो म्हणूनच ती मोकळीक चालते. दिवाळी अंकाच्या पानावर कवीचा आवाज छापता येत नाही. त्यामुळे छापण्यापुरता मी मास्तरांच्या बाजूने आहे.

मात्र मला वृत्तापेक्षा तिसऱ्या ओळीचा आशयच अधिक खटकला. अंगणात वाट पाहणारी तुळस गेल्या कित्येक पिढ्यांनी वापरून झाली आहे. चौथ्या ओळीतला दुपारचा चहा आपला स्वतःचा आहे. त्याच्या शेजारी ही तुळस उसनी वाटते. ती वृत्तात बसवण्याची खटपट करण्याऐवजी काढूनच टाकावी, असे स्पष्ट मत आहे. राग नसावा.

पांथस्थ, फोंडा

राग कसला, इतक्या बारकाईने कुणी वाचेल ही अपेक्षाच नव्हती. मनाच्या श्लोकांच्या चालीत ओळ म्हणून पाहिली आणि ‘ज’पाशी जीभ खरोखरच अडली. मैफलीत तसे होत नाही, कारण तिथे मी ती सावकाश, बोलल्यासारखी म्हणतो. म्हणून मैफलीत ‘माजघरी’ तसेच ठेवणार आहे, त्याबाबत मी हटून आहे. ओसरी मात्र छापतानाही नको; सांजवातताईंनी वर्णन केलेली ओल माझ्याही घरातली आहे. तुळस काढली. आमच्याकडे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला कपांचा एक संच आहे आणि पावसाळ्यात कपाट उघडले की त्याला वास येतो, तो तिच्या जागी घेतला. छापण्यासाठी पाठ असा केला आहे:

किती पावसाने भिजावे घराने
कशी ओल ही आत यावी दिव्याला
कपांना नव्या कुंदसा वास येतो
कुणी येत नाही दुपारी चहाला

‘नव्या’मधला ‘न’ मी ‘जुन्या’च्याच न्यायाने लघू धरला आहे. मास्तरांनी चारही ओळी एकदा मोजून पाहाव्यात. त्यांचा होकार आला की परवाच्या टपालाने पाठवतो.